अक्कांना विचारा : वावर बटईनं लावायचं की ठोक्यानं?

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त शेअर बाजाराची निघाली. पिकाची, वाटणीची, पेन्शनची पत्रं मागं पडली म्हणून यावेळी सगळी जागा पैशालाच देते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी ग्रामीण बँकेत एकतीस वर्षं काढली, पण सेबीकडं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडं, नोंदणी केलेली सल्लागार नाही. त्यामुळं 'कुठला शेअर घेऊ' याचं उत्तर या पानावर मिळणार नाही.

अक्का, मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वय २७. घरी पाठवून, खर्च जाऊन महिन्याला पाचेक हजार उरतात. स्टाफरूममध्ये सगळे शेअर आणि बाँडचं बोलतात. मला दोन्हीतला फरकच कळत नाही आणि विचारायची लाज वाटते.

लाज कसली बाळ? मला बँकेत लागून सहा वर्षं झाली तरी हा फरक नीट सांगता येत नव्हता.

तुझ्याच तालुक्यात आमचं सात एकर रान आहे. आमचे हे गेल्यापासून मी ते लावून देते. लावायच्या दोन रीती तुला घरूनच ठाऊक असतील. बटईनं दिलं तर बी-खत निम्मं माझं, निम्मं त्याचं, आणि आडतीवरची पट्टी हातात आली की पैसेही निम्मे-निम्मे. ठोक्यानं दिलं तर पाडव्याला एकरी आकडा ठरतो. मग पाऊस पडो न पडो, तेवढे पैसे मला मिळायचे. शेअर म्हणजे बटई आणि बाँड म्हणजे ठोका.

कंपनीला पैसा लागतो. तो ती दोन तऱ्हेनं उभा करते. शेअर घेतलास तर तू तिच्या धंद्यात वाटेकरी झालीस. नफा झाला तर लाभांश मिळेल, धंदा वाढला तर शेअरचा भाव वाढेल, आणि बुडाला तर तुझंही बुडेल. बाँड घेतलास तर तू वाटेकरी नाहीस, सावकार आहेस. ठरलेलं व्याज ठरलेल्या तारखेला मिळणार, मुदत संपली की मुद्दल परत. कंपनीनं बक्कळ कमावलं तरी तुला जादा एक रुपया नाही. मात्र कंपनी बंद पडून विकायला निघाली, तर देणं फेडण्याच्या रांगेत बाँडवाले पुढं आणि शेअरवाले सगळ्यात शेवटी.

बटईची गंमत मी २०२१ ला बघितली. आदल्या हंगामाचे सोयाबीनचे कट्टे घरात होते आणि पावसाळ्यात लातूरच्या आडतीत भाव दहा हजारांवर गेला. मी माझा वाटा नऊ हजार चारशेनं घातला. बटईदार म्हणाला, "अक्का, बारा हजार होतंय, थांबा." तो थांबला आणि दसऱ्याला साडेपाच हजारांच्या आत विकून मोकळा झाला. तुला वाटेल अक्कांना बाजार कळतो. तसं काही नाही. मला त्या आठवड्यात विहिरीची मोटर भरून आणायची होती, म्हणून विकलं.

ठोक्याची दुसरी बाजू २०१५ ची. तो दुष्काळ तुला लहानपणचा आठवत असेल, पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या वर्षी ठोका घेणारा माणूस अर्धे पैसे देऊन पोट भरायला पुण्याला गेला. उरलेले अर्धे मी मागितले नाहीत, आणि मागितले असते तरी त्यानं कुठून दिले असते? तर ठरलेला आकडा कितीही पक्का असला, तरी तो देणारा किती पक्का, हे बघावंच लागतं. बाँडमध्ये हे बघायला पतमानांकन असतं. 'ट्रिपल ए' सगळ्यात वरचं, 'डी' म्हणजे बुडीत. पण त्या शिक्क्यावरही डोळे मिटून झोपू नये. आयएल अँड एफएस या मोठ्या वित्त कंपनीला २०१८ च्या मध्यापर्यंत ट्रिपल ए होतं आणि सप्टेंबरात तिचे हप्ते थकले. सरकारी रोख्यात, म्हणजे सरकारच्या बाँडमध्ये, ही भीती जवळजवळ नसते, कारण तिथं ठोका घेणारं भारत सरकार असतं.

आता तुझे पाच हजार. पहिली गोष्ट, तू आधीच दोन्हींत आहेस. तुझ्या पगारातून एनपीएस, म्हणजे नवी पेन्शन, कापला जात असेल, तर त्यातला थोडा पैसा शेअरमध्ये आणि मोठा वाटा सरकारी व कंपन्यांच्या बाँडमध्ये जातो. स्टाफरूमच्या चर्चेत हे कुणी बोलत नाही. पगाराची स्लिप काढ, त्या पेन्शन खात्याचा प्राण नंबर टाकून एकदा बघ.

दुसरं, चार महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला पडेपर्यंत बाजाराकडं फिरकू नकोस. पगार लांबला तर काय करतेस ते तुलाच माहीत. ते जमलं की निफ्टीच्या इंडेक्स फंडात महिन्याला दोन हजारांची एसआयपी, म्हणजे ठरलेला हप्ता. निफ्टी म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारातल्या ५० मोठ्या कंपन्यांची यादी. हा फंड त्या पन्नासही कंपन्यांचे शेअर त्या-त्या प्रमाणात घेतो, कुणाच्या डोक्यानं निवडत बसत नाही, म्हणून त्याचा खर्चही कमी. 'डायरेक्ट' प्लॅन घे. 'रेग्युलर'मध्ये मधल्याचं कमिशन दरवर्षी तुझ्याच पैशातून जातं. फंडाला डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातंही लागत नाही. पुढं शेअर घ्यावेसे वाटले तर डीमॅट उघड. एकच खातं असेल आणि त्यात चार लाखांपर्यंतच माल असेल तर सप्टेंबर २०२४ पासून वार्षिक देखभालीचे पैसे घेत नाहीत. ब्रोकर मात्र तसं आपणहून सांगेलच असं नाही. खात्यावर मोबाईल नंबर तुझाच हवा. भावाचा नको, एजंटाचा तर मुळीच नको.

आणि तीन वर्षांत लग्न किंवा घराचा हप्ता दिसत असेल, तर त्यासाठीचा पैसा या फंडात घालू नकोस. तो बँकेत किंवा टपालात.

जालना जिल्ह्यातून लिहितो. समृद्धी महामार्गात जमीन गेली, त्याची ठेव आता सुटतेय. ४२ लाख आहेत. वडील ६८, आई ६३, मी ३४, माझा मुलगा चार वर्षांचा. बहिणीचं लग्न पुढच्या वर्षी आहे. चुलते म्हणतात मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेव, बारा टक्के देतात. मित्र म्हणतो सगळे शेअरमध्ये टाक. बाँडचं कुणीच सांगत नाही.

भाऊ, जमीन एकदाच जाते. त्यामुळं तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

आधी चुलत्यांचं. बँक बुडाली, अगदी सहकारी बँकही, तर ठेव विम्यातून एका माणसाला त्या बँकेतल्या मुद्दल-व्याजाचे मिळून पाच लाखांपर्यंत मिळतात. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे, आधी लाखच होती. पण पतसंस्था, मग ती एका गावची असो की मल्टिस्टेट, या विम्यात येत नाही. काचेचं ऑफिस, एसी, टाय घातलेली पोरं, सगळं बँकेसारखं दिसतं, म्हणून माणूस फसतो. माझ्या धाकट्या दिरांनी ग्रॅच्युइटीचे अकरा लाख अशाच एका संस्थेत ठेवले. आता त्यांच्याकडं पावत्यांची फाईल आहे आणि दर महिन्याला ठेवीदारांची बैठक. बैठकीत चहा मिळतो असं ते हसत सांगतात, पण वहिनी हसत नाहीत. आपल्याकडं 'दोन रुपये शेकडा' ऐकायची सवय, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. त्यामुळं बारा टक्के कमीच वाटतात आणि सरकारी आठ टक्के म्हणजे चेष्टा. पण सरकार आठ देत असताना कुणी बारा का देतोय? त्याला आठानं कुणी देत नाही म्हणून.

मित्राचं म्हणणं त्याच्यापुरतं ठीक असेल. तुमच्या ४२ लाखांवर मात्र वेगवेगळ्या तारखा आहेत. एक कागद घ्या, आईला शेजारी बसवा (वडिलांना नंतर बोलवा, ते लगेच 'घराचं बांधकाम' म्हणतील) आणि कुठला पैसा कधी लागणार ते लिहा. तुमच्या जागी मी असते तर अशी मांडणी केली असती.

लग्नाचे आठ लाख राष्ट्रीयीकृत बँकेच्या ठेवीत, नाहीतर सरकारच्या ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलात. ट्रेझरी बिलाला व्याज नसतं. शंभराचा कागद समजा चौऱ्याण्णवला घ्यायचा आणि मुदतीला शंभर घ्यायचे. ९१ आणि १८२ दिवसांचीही बिलं असतात.

आई-वडिलांचे बारा-बारा लाख टपालातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. एकेकाला तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत पाच वर्षं, दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के. त्या दरानं चोवीस लाखांचे तिमाहीला ४९,२०० रुपये होतात आणि ते त्यांच्या स्वतःच्या खात्यात येतात. आईच्या नावावर वेगळी पावती हवीच. जमीन गेली तेव्हा तिची सही कुणी घेतली होती का, हे मी विचारत नाही.

सहा लाख रिझर्व्ह बँकेच्या फ्लोटिंग रेट बचत रोख्यांत. हे तुम्ही विचारलेले बाँड. मुदत सात वर्षं. दर टपालाच्या एनएससीपेक्षा, म्हणजे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा, ०.३५ टक्के जास्त आणि तो एक जानेवारीला व एक जुलैला नव्यानं ठरतो. जुलै २०२३ ला तो ८.०५ झाला. हे रोखे बाजारात विकता येत नाहीत. वडिलांच्या वयाला सहा वर्षांनंतर मोडता येतात, तुमच्या नावावर घेतले तर पूर्ण सात वर्षं थांबायचं. व्याजावर कर लागतो, टपालाच्या योजनेवरही लागतो. दहा-वीस वर्षांचे सरकारी रोखे हवे असतील तर नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचं रिटेल डायरेक्ट आहे. घरबसल्या खातं निघतं, फी नाही, दहा हजारांपासून लिलावात भाग घेता येतो. मध्ये दलाल नसल्यामुळं त्याची जाहिरात करायला कुणी दारावर येत नाही. तुम्हाला बाँडचं कुणी सांगितलं नाही ते त्यामुळंच.

राहिले चार लाख. तुमच्या लेकराच्या शिक्षणाला चौदा वर्षं आहेत. एवढाच पैसा शेअरमध्ये, तोही इंडेक्स फंडात आणि दोन वर्षांत हप्त्याहप्त्यानं. मित्राला सांगा, ४२ पैकी चार तुझ्या सल्ल्यानं टाकले.

वसमतहून. व्हॉट्सअॅपवर एका ग्रुपात घेतलंय. रोज टिप देतात, त्यांच्या अॅपवर माझे २० हजारांचे ६८ हजार झालेले दिसतात. काढायला गेलो तर आधी 'टॅक्स' भरा म्हणतात.

एक रुपयाही भरू नका. आत्ता, हे पान खाली ठेवून, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला कळवा. ते ६८ हजार कधी नव्हतेच, तो फक्त पडद्यावरचा आकडा होता. खऱ्या शेअरवरचा कर कुणी ग्रुपअॅडमिनच्या खात्यात भरत नसतं. तो आपण विवरणपत्र भरताना सरकारला देतो. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के. वर्षानंतर विकले तर वर्षाच्या सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. जुलै २०२४ पासून हा हिशोब आहे.

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्याजवळ खोली करून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. दादांनी हरभरा विकून पाठवलेले ६४ हजार मी ऑप्शनमध्ये घालवले. आता उसने घेऊन भरून काढू का?

नाही.

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये हिशोब मांडला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या शंभरांतल्या ९३ जणांचा तोटा झाला, सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. म्हणजे तू मूर्ख आहेस असं नाही, तू गर्दीत आहेस. 'ऑप्शन' हा शब्द आपण गुंतवणुकीच्या पानावर छापतो हीच चूक आहे. शेअर घेतला की मागं कारखाना असतो, कामगार असतात, माल विकला जातो. तू घेतलेला ऑप्शन आठवड्याच्या शेवटी संपला तेव्हा तुझ्या हातात काय राहिलं? भाव कुठं जाईल यावर तू बोली लावलीस, समोरच्यानं उलटी लावली, आणि दोघांकडून ब्रोकरनं दलाली घेतली.

दादांना सांग. फोनवर नको, घरी जा. ते दोन दिवस बोलणार नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवायला बसताना 'अभ्यास कुठवर आला' असं काहीतरी विचारतील. उसने घेतलेले पैसे याहून वाईट रीतीनं उघडे पडतात. काउंटरपलीकडं बसून मी ते फार वेळा बघितलंय.

उदगीर. निवृत्त मुख्याध्यापक. सरकारी रोख्यांच्या फंडात पैसे गेले, सुरक्षित म्हणून. स्टेटमेंटमध्ये वजा दिसतंय. सरकार बुडतंय का?

सर, सरकार ठीक आहे. तुम्ही लाखाचा सात टक्क्यांचा दहा वर्षांचा रोखा घेतलात समजा. वर्षाला सात हजार. वर्षभरानं नवे रोखे आठ टक्क्यांनी निघाले. आता तुमचा जुना रोखा कोण लाखाला घेईल? त्याच लाखात त्याला आठ हजार मिळतायत. तुम्हाला तो चौऱ्याण्णव हजारांच्या आसपास द्यावा लागेल. व्याजदर चढले की जुन्या रोख्याचा भाव उतरतो, दर उतरले की भाव चढतो. मुदत जितकी लांब तितका झोका मोठा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो दर, चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तेव्हा लांब मुदतीच्या फंडांत असंच दिसलं.

स्वतः रोखा घेऊन मुदतीपर्यंत धरून बसलात तर मधला भाव कितीही झुलला तरी लाख परत मिळतात. फंड मात्र रोखे घेत-विकत राहतो, त्याला अशी परतीची तारीख नसते. पाच-सात वर्षं लागणार नसतील तर राहू द्या. नातीच्या फीचे असतील तर पुढच्या वेळी कमी मुदतीचा फंड किंवा सरळ बँकेची ठेव.

छत्रपती संभाजीनगरचं आणखी एक. वडिलांच्या ट्रंकेत १९९३-९४ ची कागदी शेअर सर्टिफिकेटं निघाली. रद्दी समजायची का?

अजिबात नाही, आणि लॅमिनेशनही करू नका. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, पण वारसाच्या नावावर होतात. कंपनीचं आजचं नाव शोधा. तीस वर्षांत ती दुसरीत मिसळली असेल, नाव बदललं असेल. तिच्या वेबसाइटवर शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारचं नाव असतं, त्याला सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर कळवून पत्र लिहा. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडं, म्हणजे आयईपीएफकडं गेलेले असतात. तिथूनही परत मिळतात, त्याला आयईपीएफ-५ हा फॉर्म आहे. मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं, सगळ्या भावंडांच्या सह्या लागतील. बहिणींच्याही. टक्केवारीवर काम करून देणारे एजंट भेटतील. त्यांना हो म्हणण्याआधी दोन-तीन महिने स्वतः खेटे घालून बघा. आणि कंपनीच बंद पडली असेल तर ती सर्टिफिकेटं फ्रेम करून लावा, त्या काळची छपाई फार सुबक होती.

सेलूहून एक वाचक. अक्का, सगळ्यांना सांगता. तुमचे स्वतःचे पैसे कधी बुडाले का?

बुडाले. जानेवारी २००८, सेन्सेक्स २१ हजारांना शिवला होता आणि आमच्या शाखेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे पब्लिक इश्यूचे फॉर्म भरत होते. मी ८० हजार घातले. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सेन्सेक्स साडेआठ हजारांवर. दिवाळीच्या तोंडावर मी सगळं विकलं, ३१ हजार आले. २०१० च्या दिवाळीतल्या मुहूर्ताच्या सौद्यांना सेन्सेक्स पुन्हा २१ हजारांवर होता.

घाबरून विकलं असं मी बरीच वर्षं सांगत आले. खरं असं की ते ८० हजार मुलाच्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या सत्राच्या फीचे होते आणि फीची तारीख फॉर्म भरतानाच माझ्या डायरीत लिहिलेली होती. तेव्हा बाजार चढता असता तरी मला विकावंच लागलं असतं. कमी पडले ते पाटल्या मोडून भरले. कॉन्ट्रॅक्ट नोट कपाटात आहे, शाई पुसट झालीये.

आता पेन्शनीशिवाय जे आहे त्यातलं निम्म्याहून जास्त टपालात आणि सरकारी रोख्यांत, बाकी इंडेक्स फंडात. पाटल्या पुन्हा केल्या नाहीत. मुलगा आता पुण्याला असतो, स्वतःच्या पैशांनी शेअर घेतो. त्याला ही गोष्ट सांगितलेली नाही, पण त्याच्या सासूबाई हा अंक घेतात.